नऊ सामन्यांचा चिखल

मित्रांनो, माझ्याकडे बघून हसू नका. मी गोलकीपरची एक जुनी, पिवळी, लोकरीची जर्सी आहे. आज मी जेमतेम दहा वर्षांच्या मुलाला बसेन, पण एके काळी वॉटी रँकिनच्या सहा फुटी देहावर मी ऐसपैस बसत होते.

स्कॉटलंडमधल्या एका खाणगावात वॉटीच्या बायकोने, इशबेलने, मला विणले. वॉटी आठवडाभर कोळशाच्या खाणीत उतरे आणि शनिवारी मला घालून गावाच्या संघाचा गोल राखी. पावसात मी भिजून गोणीसारखी जड होई, तरी तो कधी कुरकुरला नाही. त्याची छाती मात्र धुळीने भरत चालली होती. "मोठ्या क्लबाने उचललं तरच सुटका," असे तो खोकत म्हणे.

एका हंगामात संघ लागोपाठ नऊ सामने जिंकला. जिंकत असताना जर्सी धुवायची नाही, हा गावचा रिवाज. मैदानात एरवी मेंढ्या चरत, त्यामुळे तिथल्या चिखलाने मला स्वतःचीच शिसारी येऊ लागली. दहाव्या सामन्याला मोठ्या क्लबाचा माणूस वॉटीला बघायला येणार होता. आदल्या दिवशी इशबेलचा संयम सुटला आणि तिने मला चक्क उकळत्या पाण्यात घातले. मी आटून निम्मी झाले!

"अगं, नशीब धुऊन टाकलंस माझं!" वॉटी ओरडला.

"नशीब कसलं? मेंढ्यांच्या लेंड्या होत्या त्या!"

दुसरी जर्सी नव्हती. माझ्या बाह्या त्याच्या कोपरापर्यंतच आल्या, पोट उघडे पडले.

"वॉटी, धाकट्या बहिणीची घालून आलास का रे?" प्रेक्षक खिदळले.

 शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली, आपल्याविरुद्ध. वॉटीने उजवीकडे झेप घेतली. पाऊस होता, पण ओढून धरायला मी आता उरलेच कुठे होते? चेंडू त्याच्या उघड्या हातांत घट्ट बसला.

क्लबाचा माणूस जवळ आला. "सोमवारी सकाळी ये. आणि अंगाला येईल असं काहीतरी घालून ये."

इशबेल मैदानात धावत आली, तेव्हा वॉटी चिखलातच मटकन बसला. "इशबेल, सोमवारी खाणीत उतरायचं नाही," एवढेच म्हणून तो रडू लागला.

पुढे अकरा वर्षे तो त्या क्लबाचा गोलकीपर होता. त्याला नव्या जर्सी मिळाल्या, मी पेटीत पडले, कसरीने मला दोन भोके पाडली. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण सोमवारी पहाटे खाणीचा भोंगा वाजे आणि वॉटी खुशाल घोरत राही. ते ऐकून माझा जीव भांड्यात पडे.

मित्रांनो, लोकर गार पाण्यात धुवा. पण धुवा जरूर.