रिकाम्या वर्गातले सहा जण

श्रुतिका पाष्टेने आठवीत असताना घरातला बंद पडलेला मिक्सर उघडला होता. परत जोडताना दोन स्क्रू उरले, पण मिक्सर चालू झाला आणि अजूनही चालतो. त्यामुळे दहावीला शहाऐंशी टक्के मिळाल्यावर तिने सायन्स घेणार म्हटलं, तेव्हा आईला, मालनला, त्यात नवल वाटलं नाही. अडचण एवढीच होती, की गोवंडीतल्या त्यांच्या वस्तीतून चालत जाण्यासारखी जी दोन कॉलेजं होती, तिथे आर्ट्स आणि कॉमर्सच होतं.

वडील, नंदू, औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होते. त्यांचं मत पडलं की कॉमर्सही काही वाईट नाही, कॉलेज पाच मिनिटांवर आहे, पोरगी जेवायला घरी येईल. मालन त्या वेळी भाकरी थापत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "तिला जे शिकायचंय ते इथं नसेल तर जिथं आहे तिथं जाईल. बस आहे ना."

ऑनलाइन फॉर्मच्या दुसऱ्या यादीत श्रुतिकाचं नाव घाटकोपर पूर्वेच्या एका जुन्या, नावाजलेल्या कॉलेजात लागलं. शाळेतल्या बाईंनी तिला जवळ घेतलं. त्यांच्या शाळेतून तिथे गेलेली ती पहिलीच.

जुलैत कॉलेज सुरू झालं. पहिल्या दिवशी ती वीस मिनिटं आधी पोहोचली आणि पुढचा बाक धरून बसली. वर्ग एकशेवीस जणांचा होता. आले नऊ. तिला वाटलं, पहिला दिवस आहे, येतील हळूहळू. दुसऱ्या आठवड्यात नवाचे सहा झाले आणि मग सहाच राहिले.

कारण तिला देवेशने सांगितलं. तो विक्रोळी पार्कसाइटवरून यायचा, त्याचा मोठा भाऊ याच कॉलेजात होता. बाकीची सगळी मुलं एका कोचिंग क्लासला होती. क्लासची आणि कॉलेजची समजूत होती: मुलांनी तिकडे शिकायचं, हजेरी इकडे लागणार. कॉलेजात फक्त परीक्षेला आणि प्रॅक्टिकलला यायचं. क्लासची वर्षाची फी म्हणजे श्रुतिकाच्या वडिलांचा जवळजवळ वर्षाचा पगार. वर्गात बसलेले सहाही जण तिथे बसले होते, कारण त्यांना बसायला दुसरी जागा नव्हती.

शिक्षक यायचे. केमिस्ट्रीचे नेल्सन सर तासावर नेमलेले, तरुण. फळ्यावर धड्याचं नाव लिहून वाचायला सांगायचे. फिजिक्सच्या परेरा मॅडम हजेरीचा कागद फिरवून दहा मिनिटांत स्टाफरूममध्ये परत जायच्या. श्रुतिका पुस्तक उघडून वाचायची. ते इंग्रजीत होतं आणि ती मराठी शाळेतून आलेली. एका पानाला तास लागायचा. घरी मात्र ती रोज सांगायची की छान चाललंय. आई सकाळी साडेपाचला उठून तिचा डबा करत होती, तिला दुसरं काही सांगवेना.

ऑगस्टच्या शेवटी मालन उत्पन्नाचा दाखला द्यायला कॉलेजात आली. ऑफिसमधल्या माणसाने अर्धा तास थांबायला सांगितलं, म्हणून ती लेकीचा वर्ग बघायला तिसऱ्या मजल्यावर गेली. दारातून तिला रिकामे बाक दिसले आणि पुढे बसलेली सहा मुलं. देवेश डोकं टेकून झोपला होता. श्रुतिका ओळींवरून बोट फिरवत वाचत होती. मालनला वाटलं, मधली सुट्टी असेल. पण लेकीने वर पाहिलं आणि तिचा चेहराच सगळं बोलून गेला.

व्हरांड्यात श्रुतिकाने खरं काय ते सांगून टाकलं. आई चिडेल, निदान वडिलांचं ऐकायला हवं होतं म्हणेल, याची तिने तयारी ठेवली होती. मालनने फक्त स्टाफरूम कुठे आहे ते विचारलं.

पेट्रिशिया परेरा मॅडम वाकोल्याच्या. त्या कॉलेजात तीस वर्षं शिकवत होत्या आणि निवृत्तीला पावणेदोन वर्षं उरली होती. मालनला त्यांनी खुर्ची दिली. ती बसली नाही.

"माझी मुलगी रोज दोन बस बदलून इथं येते," मालन म्हणाली. "तिला शिकवतं कोण, एवढंच विचारायचं होतं."

मॅडमनी खोटं काही सांगितलं नाही. मुलं क्लासला जातात, पाच-सहा जणांपुढे तास घेताना शिक्षकाचाही हुरूप जातो, पूर्वी असं नव्हतं, असं सगळं त्या सांगत राहिल्या. मालनने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मी अंगणवाडीत मदतनीस आहे, मॅडम," ती म्हणाली. "पावसात कधी कधी चारच पोरं येतात. आम्ही त्यांना घरी नाही पाठवत. चार जणांची खिचडी शिजवतो."

एवढं बोलून ती नमस्कार करून खाली गेली, कारण दाखला अजून द्यायचा होता.

पेट्रिशिया मॅडमना त्या बोलण्याचा राग आला. घरी जाईपर्यंत राग होता. मग संध्याकाळी त्यांनी माळ्यावरून जुन्या नोट्स काढल्या आणि पाहिलं, तर शेवटची तारीख सहा वर्षांपूर्वीची होती. सहा वर्षं आपण नुसता कागद फिरवतोय, आणि आपल्याला त्याची इतकी सवय झाली की वाईटही वाटेनासं झालं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

दुसऱ्या दिवशी त्या खडू घेऊन वर्गात आल्या. सुरुवात इंग्रजीत केली. दोन वाक्यांनंतर श्रुतिकाचा आणि देवेशचा चेहरा पाहून त्या थांबल्या आणि मराठीवर आल्या. शब्द इंग्रजी, समजावणं मराठी. रंगात आल्या की त्यांच्या तोंडून घरची वाकोल्याची मराठी बोली यायची, मुलं हसायची, मग त्याही हसायच्या. आठवड्याभरात त्यांनी वर्ग सरळ प्रयोगशाळेत हलवला. सहा जणांना एवढी मोठी खोली कशाला, असं त्यांचं म्हणणं.

प्रयोगशाळा भाऊरावांच्या ताब्यात होती. बावीस वर्षं ते तिथे शिपाई. कपाटातली उपकरणं ते फडक्यात गुंडाळून ठेवत आणि कुणी वापरत नाही म्हणून गंजतात, अशी कुरकुर करत. आता त्यांनी एकेक बाहेर काढून तेलपाणी केलं. पूर्वी एका व्हर्नियर मोजपट्टीवर चौघे वाकायचे, आता प्रत्येकाच्या हातात एक. प्रयोग चुकला तर परत करायचा, पुन्हा चुकला तर पुन्हा. घाई करणारं मागे कुणी नव्हतंच. श्रुतिका पहिल्यांदा स्क्रू गेज हातात धरून केसाची जाडी मोजत होती, तेव्हा भाऊराव तिला म्हणाले, "पोरी, हळू फिरव. ऐकू येतं ते, कधी थांबायचं." आणि खरंच ऐकू आलं, बारीक टिक्‌टिक्.

नेल्सन सर काही दिवस दारातून बघून जात. त्यांना तासाचे पैसे मिळायचे आणि तेही उशिरा. पण एका मंगळवारी ते आत आले, स्टूल ओढून बसले आणि केमिस्ट्रीचं पुस्तक उघडलं. पुढे मंगळवार-शुक्रवार त्यांचे ठरून गेले.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. सहामाहीत श्रुतिकाला गणितात पन्नासपैकी चौदा मिळाले. तिच्यासोबत बसणारी रुचिरा तर दिवाळीनंतर आलीच नाही. भावाने तिला घराजवळ कॉमर्सला घातलं होतं. राहिले पाच. श्रुतिकाच्या मनातही तेच घोळत होतं. तिने वडिलांना विचारलं, आपणही बदलू का? कॉमर्सचं त्यांनीच सुचवलं होतं. पण ते म्हणाले, "आता नको. तू हल्ली घरी येऊन बडबडतेस ना त्या प्रयोगांचं, ते बरं वाटतं ऐकायला."

देवेशचं गणित चांगलं होतं. तास संपले की दोघं लायब्ररीत बसायची, दोन वाजेपर्यंत. तो समजावताना वैतागायचा, ती न समजल्याचं बिनधास्त सांगायची. वार्षिक परीक्षेला चौदाचे तीस झाले. तेवढ्यावर ती समाधानी होती.

बारावीच्या जानेवारीत प्रॅक्टिकल जवळ आली आणि एका सकाळी प्रयोगशाळेत शंभराच्या वर मुलं शिरली. श्रुतिकाने त्यांतली बहुतेक पहिल्यांदाच पाहिली. शेजारच्या टेबलावर ओजस नावाचा मुलगा हातात दोन वायरी धरून मीटर ब्रिजपुढे उभा होता. तिने त्याच्या वायरी जोडून दिल्या आणि काटा शून्यावर कसा आणायचा ते दाखवलं.

"तू कुठल्या क्लासला आहेस?" त्याने विचारलं.

"इथल्याच."

त्याला वाटलं ती चेष्टा करतेय. मग त्याने उत्तर काढायला घेतलं आणि चाट पडायची पाळी तिची आली. तिला ज्या गणिताला दहा मिनिटं लागायची, ते त्याने अर्ध्या मिनिटात सोडवलं. हे त्याला कोणी शिकवलं होतं, किती सराव करून घेतला होता, ते तिला दिसत होतं. थोडा हेवा वाटला. पण तो मुलगा सरळ होता. पुढच्या दिवशी तो क्लासच्या सराव परीक्षांचे पेपर पिशवी भरून घेऊन आला, म्हणाला, घरी नुसते पडून आहेत. त्या आठवड्यात पाचही जणांनी आळीपाळीने टेबलाटेबलांवर जाऊन प्रयोग समजावले, आणि परेरा मॅडम खुर्चीवर बसून बघत राहिल्या. पेपर श्रुतिकाने आणि देवेशने मिळून सोडवले, सगळे.

मे महिन्यात निकाल लागला. श्रुतिकाला एकोणऐंशी टक्के, फिजिक्सला नव्वद. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत हवं ते कॉलेज मिळण्याइतके मार्क पडले नाहीत. देवेशला पडले. पाचांपैकी एकाचा केमिस्ट्रीचा पेपर राहिला, तो त्याने जुलैत सोडवला. श्रुतिकाने चेंबूरला बी.एस्सी.ला प्रवेश घेतला, फिजिक्ससाठी. नंदूंनी विचारलं, कमी पडलं का गं काही? तिने थोडा विचार करून सांगितलं, "पडलं. पण मला हेच शिकायचं होतं."

परेरा मॅडम त्याच महिन्यात निवृत्त झाल्या. जाण्यापूर्वी त्यांनी प्रिन्सिपॉलांच्या मागे लागून एक गोष्ट करून घेतली: रोजचे पहिले दोन तास प्रयोगशाळेत, जे येतील त्यांच्यासाठी, वेळापत्रकात छापून. क्लासची समजूत तशीच राहिली. ती मोडणं त्यांच्या हातात नव्हतं.

ऑगस्टमध्ये श्रुतिकाला शिष्यवृत्तीसाठी जुन्या कॉलेजचा एक दाखला हवा होता. सकाळी ऑफिसात साहेब अजून आले नव्हते, म्हणून ती वर गेली. प्रयोगशाळेत अकरा मुलं होती. त्यांतल्या दोघी तिच्या वस्तीतल्या; फॉर्म भरताना मालन स्वतः त्यांच्या आयांबरोबर बसली होती. नेल्सन सर फळ्यावर आकृती काढत होते. त्यांनी श्रुतिकाला हाताने आत बोलावलं आणि मागच्या टेबलाकडे बोट दाखवलं. तिथल्या मुलीचं माप दर वेळी वेगळं येत होतं.

श्रुतिकाने दप्तर स्टुलावर ठेवलं आणि तिच्याशेजारी वाकली. खाली जाऊन दाखला घेऊन ती रस्त्यावर आली तेव्हा तिची बस कधीच गेली होती. पुढची येईपर्यंत तिने भुईमुगाच्या शेंगा घेतल्या आणि उभ्या उभ्या खाल्ल्या.