शनिवारी सहा वाजता

शनिवारी संध्याकाळी सहा वाजता बाळाच्या खोलीतला नवा वॉलपेपर भिंतीवरून सुटून खाली आला. एकदम नाही. आधी छताजवळची कड सुटली, मग एकेक पट्टा सावकाश, साल सोलावी तसा, स्वतःच्या वजनाने लोंबत जमिनीवर बसला. यार्नो कॉफीचा कप घेऊन दारात उभा होता. तो स्वतःच्याच कामाचं कौतुक करायला आला होता, म्हणून त्याने हे सगळं पाहिलं.

वॉलपेपरवर ससे होते. ते आता फरशीवर उताणे पडले होते.

"काय झालं रे?" काइसुने स्वयंपाकघरातून विचारलं. तिला आठवा महिना संपत आला होता. एकदा खुर्चीत बसली की घराला आग लागल्याशिवाय ती उठत नसे.

"काही नाही. ससे पळाले."

"मागच्या आठवड्यात उलटे लागले होते तेच का?"

"तेव्हा उलटे होते. पळाले नव्हते."

यार्नो वार्कौसच्या कागद गिरणीत कामाला होता, आणि कागदातली ओल तपासणं हेच त्याचं काम होतं. त्याच्याच घरात कागद भिंतीला धरत नाही, हे गिरणीत कळलं असतं तर निवृत्तीपर्यंत त्याला कोणी सुखाने जेवू दिलं नसतं. त्याने ओलमापक आणून भिंतीला लावला. भिंत कोरडी ठणठणीत होती. कागदाची मागची बाजू मात्र निथळत होती.

"खळ वाईट," असा निष्कर्ष काढून त्याने ससे गुंडाळून ठेवले.

घर घेऊन चार-पाच महिने झाले होते. गावाच्या कडेला, महायुद्धानंतर बांधलेलं लाकडी घर. हिल्मा नावाच्या म्हातारीने वृद्धाश्रमात जाताना ते विकलं. यार्नो आणि काइसुच्या मालकीचं हे पहिलंच घर, त्यामुळे त्यात काहीही करायचा हक्क यार्नोला मिळाला होता, आणि तो त्याने पुरेपूर बजावला. दिवाणखान्यात फळी बसवताना भोक पलीकडच्या कोठीत निघालं आणि जांभळाच्या मुरंब्याची बरणी फुटली. स्वयंपाकघराच्या छताला त्याने चुकून जमिनीचा रंग दिला. तो इतका पक्का बसला की आता निघायचं नाव घेईना. बाळाची कठड्याची खाट जोडून झाल्यावर दोन स्क्रू उरले. "जास्तीचेच देतात," असं म्हणून त्याने ते खिशात टाकले. काइसुने खाट हलवून पाहिली.

खरा प्रश्न खोलीचा होता. घरात दोन खोल्या आणि स्वयंपाकघरामागे सॉना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची खोली. यार्नो लहानपणी दिवाणखान्यातल्या सोफ्यावर झोपायचा. पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याच्या झोपेतून सगळं घर ये-जा करायचं. आपल्या मुलाला स्वतःची खोली असेल आणि खोलीला दार असेल, हे त्याने काइसुला लग्नाआधीच सांगितलं होतं. दुसरं कसलंही वचन त्याने तिला कधी दिलं नव्हतं. म्हणून त्याने सॉना मोडायचं ठरवलं. गिरणीत कामगारांचा सॉना आहे, तळ्याकाठी सासूचा आहे, मग घरात तिसरा कशाला?

हे जेवताना कानावर पडलं तेव्हा काइसुच्या आईने, आउनेने, हातातला काटा खाली ठेवला.

"सॉनात कोणी झोपत नाही, यार्नो. सॉनात माणूस जन्माला येतो, आंघोळ करतो, आणि मेल्यावर धुतला जातो. झोपायला घर असतं."

"आउने, हे तुझ्या आजीच्या काळात होतं."

"माझी आजी सॉनात जन्मली आणि सॉनातच धुतली गेली. मधली ऐंशी वर्षं ती घरात झोपली."

"आई, जेव," काइसु म्हणाली.

यार्नोने वाफेच्या खोलीतले बाक उखडले आणि त्याच फळ्या दिवाणखान्याच्या शेकोटीत जाळल्या. वाफेसाठी दगड तापवायची भट्टी शेजारच्या गावातला एक माणूस फुकट मिळते म्हणून गाडीत घालून घेऊन गेला. तिच्यातले काळे दगड यार्नोने अंगणात बेरीच्या झुडपाखाली ओतले. धुराड्याचं तोंड विटांनी बुजवलं. भिंतींवर तक्ते ठोकून त्यावर ससे चिकटवले, आणि त्यानंतरच्या शनिवारी ते खाली आले.

दुसऱ्या वेळी त्याने महागाची खळ आणली. भिंत घासली, अस्तराचा हात दिला, कागद लावला. शुक्रवारी नखाने खरवडून पाहिला तर तो सुटेना. शनिवारी काइसु उशी घेऊन त्या खोलीत येऊन बसली.

"मला बघायचंय," ती म्हणाली.

"बघण्यासारखं काही होणार नाही."

सहा वाजता लहानशा खिडकीची काच आतून धुरकटली. मग छताजवळची कड सुटली. ससे एकामागून एक खाली येत राहिले.

"तुला वास येतोय?" काइसुने हळूच विचारलं.

"खळीचा आहे."

"खळीला सॉनात अंगावर झोडतात त्या बर्चच्या ओल्या पानांचा वास येतो?"

"महागाची आहे."

ती हसली, पण उशी उचलून लगेच बाहेर गेली. बाहेरून तिने विचारलं, "यार्नो, बाळाला इथे झोपवायचं ना आपण?"

"हो. बाळाचीच खोली आहे."

सोमवारी तो हिल्माला भेटायला गेला. भिंतीतल्या ओलीबद्दल विचारतो, असं त्याने घरी सांगितलं. जाताना त्याने सायीचे पाव नेले. हिल्मा खिडकीपाशी बसली होती. तिने पाव घेतला, आतली साय आधी चाटून संपवली आणि मग त्याच्याकडे पाहिलं.

"घर गरम राहतं का?"

"राहतं."

"छत गळत नाही ना? गळणार नाही. माझ्या नवऱ्याने घातलंय. बोलायला दगड होता, पण छत चांगलं घालायचा." ती थोडा वेळ चावत राहिली. "सॉना?"

यार्नो कॉफी ढवळू लागला. त्याने कॉफीत साखर घातली नव्हती.

"शनिवारी सॉनातून शेवटी कोण निघतं?" हिल्माने विचारलं. "बायकोला शेवटी राहू देऊ नकोस, पोटुशी आहे ना ती. तू राहा. शेवटचं ओगराळंभर पाणी दगडांवर टाकायचं आणि दार ओढून घ्यायचं. मागे वळून बघायचं नाही, बघण्यासारखं काही नसतंच. आमचं झालं की त्यांचं. माझी सासू असंच करायची. मीही केलं."

"त्यांचं म्हणजे कोणाचं?"

"आता नावं काय सांगू? तिथे जे धुतले गेले त्यांचं. सासूला मीच धुतलं, नवऱ्यालाही. आणि लहानग्याला," तिने हाताने टेबलापासून वीतभर उंची दाखवली, "त्याला सासूने धुतलं. मला उठवत नव्हतं."

यार्नोने मग सांगून टाकलं. बाक जाळले, भट्टी दिली, धुराडं बुजवलं, तिथे आता बाळाची खोली आहे.

हिल्मा रागावली नाही. तिने उरलेला पाव नीट कागदात गुंडाळला आणि पहिल्यांदाच काळजीने त्याच्याकडे पाहिलं.

"मग ते बसतात कुठे?"

त्या आठवड्यात यार्नोने वॉलपेपरचा नाद सोडला आणि भिंतीला फिकट पिवळा तेलरंग दिला. रंगाला सुटून खाली पडता येत नाही, एवढाच त्याचा हिशेब होता. शनिवारी काइसुला त्याने आईकडे पोहोचवलं आणि सहाच्या सुमारास एकटाच दारात उभा राहिला. काच धुरकटली, रंगाला घाम फुटला. पाणी ओघळून गेल्यावर भिंतीवर डाग उरले. जिथे पूर्वी वरचा बाक होता, त्याच्या वर, माणूस पाठ टेकून बसतो तेवढ्या उंचीवर, रंग चार ठिकाणी कोरडा राहिला होता. चारही डाग रुंद, खांद्यांएवढे. शेवटच्या डागाला लागून, जरा खाली, पाचवा होता. तो यार्नोच्या तळहाताने झाकला गेला.

डाग गरम होता.

तो अंगणात आला. सगळीकडे गुडघाभर बर्फ होतं. बेरीच्या झुडपाखालचे दगड तेवढे उघडे, काळे, आणि त्यांच्यावरून वाफ निघत होती.

रविवारी त्याने भिंत पुन्हा रंगवली आणि काइसुला काही सांगितलं नाही. बुधवारी भट्टी नेणाऱ्या माणसाचा फोन आला.

"दादा, भट्टी परत घे. नवे दगड भरले, गाडीभर लाकूड जाळलं, आणि ही बया बेडकासारखी गार. बायको म्हणते, फुकटात मिळालं म्हणून प्रेत घेऊन आलास घरी."

"आणून टाक," यार्नो म्हणाला.

भट्टी आली आणि घरातल्या बोळात, स्वयंपाकघराच्या दाराशीच, उभी राहिली. धुराडं उघडून तपासून मिळाल्याशिवाय ती पेटवायची नाही असा कायदा, आणि धुराडेवाल्याला मंगळवारच्या आधी वेळ नव्हता. त्यातच काइसुला कळा सुरू झाल्या. गुरुवारी मुलगी झाली. शनिवारी दुपारी दवाखान्याने त्यांना घरी सोडलं.

आउने आधीच येऊन बसली होती. तिने पावात मासे भरून भाजून ठेवले होते आणि घर गरम केलं होतं. बोळातल्या भट्टीवरून तिने एकदा हात फिरवला, जावयाकडे पाहिलं, आणि नातीला घेतलं.

"नाक बापाचं आहे," ती म्हणाली. "होईल मोठेपणी कमी."

मुलीला खाटेत ठेवायचं नाही, असं यार्नोने ठरवलं होतं. सरकारकडून बाळंतिणीला येतो त्या पुठ्ठ्याच्या खोक्यात गादी घालून त्याने तो निजायच्या खोलीत, काइसुच्या उशाशी ठेवला. काइसुने विचारलं, "तिची खोली?" तो म्हणाला, "रंगाचा वास आहे अजून." मग दार ओढून तो स्वयंपाकघरात आला आणि आउनेला हळू आवाजात सगळं सांगितलं. हिल्मा, डाग, दगड. आउने मध्ये एकदाही बोलली नाही. त्याला हे तिच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

"आउने, म्हण काहीतरी. मी मूर्ख आहे, म्हण."

"ते तुला ठाऊक आहे. बादली कुठे आहे?"

तिने बादलीत पाणी भरलं, त्यात लाकडी ओगराळं ठेवलं आणि बादली पिवळ्या खोलीत नेली. खाट तिने बाहेर काढायला लावली. खाट दारात अडकली आणि एक कठडा निखळून पडला. यार्नोने खिशातले दोन स्क्रू चाचपले.

"बसायला ठेव काहीतरी," आउने म्हणाली.

"काय ठेवू? बाक जाळले मी."

"खुर्च्या आण. किती होते म्हणालास?"

"चार मोठे. खुर्च्याही चारच आहेत."

"पुरतील. लहानगा मांडीवर बसेल."

दोघांनी जेवणाच्या चार खुर्च्या भिंतीला टेकवून ओळीने मांडल्या. आउनेने दार ओढून घेतलं. मग बसायला काहीच उरलं नाही, म्हणून दोघं स्वयंपाकघरात उभ्यानेच कॉफी प्यायले. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजले. बंद दारामागून आवाज आला. तापल्या दगडांवर पाणी पडल्यावर येतो तो, लांब, मऊ, हळूहळू विरत जाणारा. त्या देशात तो आवाज ओळखायला कोणाला शिकावं लागत नाही. दगड बाहेर झुडपाखाली होते. भट्टी बोळात होती, आणि यार्नोचा हात तिच्यावर होता. ती गार होती.

पुन्हा एकदा आवाज आला. त्यानंतर काही नाही.

"झालं," आउने म्हणाली. "सकाळपर्यंत उघडू नकोस."

तेवढ्यात निजायच्या खोलीतून काइसुने हाक मारली. ओरडली नाही, पण दोघंही धावले. ती पलंगावर बसली होती, मुलगी तिच्या मांडीवर होती, डायपर बदलायला कपडे सोडलेले. मुलगी जागी होती आणि मुळीच रडत नव्हती. तिचं अंग लालसर, ऊन ऊन होतं. मानेवरची लव ओली होती.

"हिला आंघोळ कोणी घातली?" काइसुने विचारलं.

"कोणी नाही," यार्नो म्हणाला. "तुझा डोळा लागला असेल."

"माझा हात खोक्यातच होता. मी जागी होते." तिने मुलीला अलगद पालथं केलं. "आणि हे बघ."

मुलीच्या पाठीवर, सदऱ्याच्या आत, बर्चचं एक ओलं हिरवं पान चिकटलं होतं. बाहेर फेब्रुवारी होता. आउनेने ते दोन बोटांनी सोडवलं, नाकाशी नेलं आणि जावयाच्या हातात दिलं.

रविवारी सकाळी यार्नोने पिवळ्या खोलीचं दार उघडलं. बादली रिकामी होती. तीन खुर्च्या त्याने ठेवल्या तिथेच होत्या. चौथी दाराकडे वळलेली होती. भिंतीवर चार रुंद डाग होते, आणि शेवटच्या डागाला लागून, जरा खाली, आता दोन लहान.

धुराडेवाला मंगळवारी यायचा आहे. मुलगी आईच्या कुशीत झोपते, दूध नीट पिते, वजन ठीक आहे. पान स्वयंपाकघराच्या खिडकीत, बशीत ठेवलंय. सोमवारी दुपारी यार्नोने त्याला ओलमापक लावला. पान अजून ओलं होतं.