पडद्यावरचा हंडा

बायनाबाईच्या हातची कढी पिऊन आजवर कोणी मेलं नव्हतं. उलट दोन-तीन म्हातारे मरता मरता उठून बसले होते, असं ती स्वतःच सांगायची, आणि ते खोटं म्हणायची तिच्यासमोर कोणाची छाती नव्हती. सिंदेवाहीपासून मूल गावापर्यंत कोणाच्या घरी लग्न निघालं की तारीख आधी बायनाबाईला विचारायची, मग भंतेजींना. शाळेत ती दुसरीपर्यंत गेली. तेवढ्यात स्वतःचं नाव लिहिता आलं. पुढं शिकून काय दुसऱ्यांची नावं लिहीत बसायची, असा तिचा सवाल.

अशा बाईच्या पोटी श्रीहरी आला. तो नागपुरात एका फोटोवाल्याकडं कामाला होता. यंदा ऐन लग्नसराईत, माय झारा घेऊन गडचिरोलीकडं लग्नांचं रांधत फिरत असताना, हा तीन दोस्त आणि एक जुना कॅमेरा घेऊन गावात आला आणि पंधरा दिवसांत पिक्चर काढून गेला. मागं कोणी शेठ नाही, पुढं कोणी हिरोईन नाही. गावातलीच माणसं, गावातलाच तलाव. नाव ठेवलं ‘पंगत उठली’. चंद्रपूरच्या एका टाकीजवाल्यानं शनिवार-रविवार सकाळचा खेळ दिला.

शनिवारचा खेळ पाहून बायनाबाईची भाचसून कमला एसटीतून उतरली ती थेट तिच्या अंगणात.

“काय काय हाये बाई पिक्चरात?” बायनाबाईनं मोठ्या कौतुकानं विचारलं.

“हगवण,” कमला म्हणाली.

“अन्?”

“अन् ओकाऱ्या.”

“गाणं नाई का एखांदं?”

“नाई. पह्यले हगवण, मंग ओकाऱ्या. मंग दोन्ही संगच.”

बायनाबाईनं तंबाखू थुंकली. “एवढं कायच्यानं होते?”

कमला पदराशी चाळा करू लागली. “कढी कळकते. लग्नात रांधणारी बाई पितळेच्या हंड्याची कल्हई पाहत नाई, तशीच कढी टाकते. मंग सारं वऱ्हाड लोटे घेऊन तलावाच्या पाळीमागं पळते.”

“ते रांधणारी कोण झाली?”

“आपल्या गावचा झिंगू. लुगडं नेसून.” कमलाचं हसू आता मावेना. “कमरेले झारा, गालात तंबाखू. अन् आत्याबाई, बोलते बी तुमच्यावानीच.”

बायनाबाई गप्प झाली. ती गप्प झाली की शेजारची कुत्रीही उठून दुसरीकडं जात.

दुसरं कोणतं वर्ष असतं तर तिनं पोराला चार शिव्या घालून सोडलं असतं. पण यंदा गुणवंतराव मास्तरांच्या पोरीचं लग्न होतं. मास्तर वरच्या आळीचे. छप्पन साली बायनाबाईनं नवऱ्याबरोबर चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरलाच, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्याच्या आधी, आणि त्याच्या नंतरही पुष्कळ वर्षं, वरच्या आळीला खालच्या आळीच्या हातचं पाणी चालत नव्हतं. आणि यंदा मास्तर आपल्या पायांनी आले, खाटेवर बसले, चहा प्याले आणि म्हणाले, “बाई, पोरीच्या लग्नात चूल तुमच्या हाती.” गावात असं पहिल्यांदाच होत होतं. बायनाबाई त्यांच्यासमोर “पाहू, सवड हाये का,” असं म्हणाली आणि ते गेल्यावर घरात जाऊन एकटीच रडली होती. लग्न आठ दिवसांवर आलं होतं.

“मास्तर उद्या जाऊन राह्यले पाह्याले,” कमला हळूच म्हणाली. “कोणी तरी त्यायचे कान भरले. म्हणतात, पिक्चर पाहून मंग ठरवतो.”

रविवारी पहिल्या एसटीला बायनाबाई फाट्यावर उभी होती. तिथंच नूर मोहम्मद कल्हईवाला भेटला. तीस वर्षं तिचे हंडे तोच उजळत होता. त्याचं तोंड कारल्यासारखं झालेलं.

“कालपासून जो भेटते तो म्हणते, चाचा, कल्हई लावते का चुना लावते? तुमच्या पोरानं मेरी रोजी पे पेशाब किया, बाई.”

“पेशाब असता तं धुऊन काढलं असतं, नूरभाऊ. हगून ठेवलं त्यानं. चला, बसा.”

टाकीज अर्धी भरली होती. पुढं कॉलेजची पोरं, मधे दोन वकील, रुमाल आधीच हातात काढून बसलेले. चौथ्या ओळीत गुणवंतराव, त्यांची बायको आणि नवरी होणारी पोरगी. मास्तर परीक्षेला बसल्यासारखे ताठ. श्रीहरी कुठं दिसेना. मायचं लुगडं लांबून ओळखून तो पार मशीनच्या खोलीत शिरला होता.

पिक्चर सुरू झाला. झिंगू पडद्यावर आला आणि त्यानं पदर कमरेला खोचून पहिलीच शिवी हासडली, तशी अख्खी टाकीज हसली. बायनाबाईला आपलाच आवाज दुसऱ्याच्या तोंडातून आल्यासारखा वाटला. तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

मग पंगत बसली. नवरदेवाचा बाप भाषणाला उभा राहिला आणि त्याच्या पोटात पहिली कळ आली. कळ कसली, थंडीत लॉरी सुरू होत नाही ना, तसा आवाज. तो बोलतच राहिला. “आजच्या या मंगल... गुर्र्र... मंगल प्रसंगी...” पोरं शिट्ट्या वाजवू लागली. बापाच्या पांढऱ्या धोतराला मागून रंग चढू लागला. वकिलांतला एक “शी, शी, संस्कार म्हणून काही?” करत उठून गेला. एका बाईनं पोराचे डोळे झाकले आणि स्वतः दोन्ही डोळे उघडे ठेवले. पडद्यावर आता लोटा एकच उरला होता, आणि तो एका बाजूनं नवरदेव ओढत होता, दुसऱ्या बाजूनं त्याचा बाप. दारात गेलेला वकील तिथंच थांबला. लोटा कोणाला मिळतो ते पाहिल्याशिवाय त्याचा पाय निघेना. मधल्या ओळीतला एक जाडा माणूस तोंडावर हात दाबून बाहेर धावला आणि त्याला काय झालं ते भिंतीपलीकडून सगळ्यांना ऐकू आलं. त्यावर तर पिक्चरपेक्षा मोठा हशा पिकला.

फक्त तीन माणसं हसत नव्हती. बायनाबाई, नूर मोहम्मद आणि गुणवंतराव.

पडद्यावरच्या वऱ्हाड्यांनी मग झिंगूला घेरलं. “दाखव तुहा हंडा!” झिंगूनं उरलेली कढी ओतून दिली, हंडा कलता केला आणि कॅमेरा वरून आत डोकावला. वऱ्हाडी ओरडले, “पाहा, कल्हई उडाली!”

नूर मोहम्मद खुर्चीतून अर्धा उठला. “बाई!”

“दिसलं मले.”

बायनाबाई उभी राहिली. तीनशे माणसांच्या पंगतीत मीठ मागणाऱ्यापर्यंत जो आवाज पोचायचा, तो आवाज तिनं लावला. “थांबव रे ते! हंडा मागं घे! अजून एकदा दाखव!”

झाडीपट्टीचंच पब्लिक ते. दंडारीच्या खेळात नाच आवडला की दहादा करून घेणारं. सगळ्यांना वाटलं, बाईला सीन आवडला. “वन्स मोर! वन्स मोर!” टाकीज दणाणली. मशीनजवळ श्रीहरीचा दोस्त होता, त्यानं घाबरून मशीन उलटं फिरवलं, ते जास्तच मागं गेलं. पडद्यावर पाळीमागून वऱ्हाड पाठमोरं धावत आलं. जमिनीवरची ओकारी उडाली आणि ज्याची त्याच्या तोंडात परत गेली. पत्रावळी भरल्या. धोतर पांढरंशुभ्र झालं. लोकांची हसता हसता शुद्ध हरपली. वकील दाराला धरून खाली बसला. मग मशीन सुलटं झालं, सगळं पुन्हा घडलं, आणि हंड्यावर येऊन चित्र एकदाचं थांबलं.

नूर मोहम्मद तोवर पडद्यापाशी पोचला होता. त्याची सावली हंड्यात पडली.

“याले उडालेली कल्हई म्हणता? देखो, लोकहो! चांदीवानी चमकून राह्यला. हे गोल गोल दिसते ना, हे माझ्या कापसाच्या बोळ्याचं फिरवणं. हे काम माझं हाये! वैशाखात बाईच्या याच पोरानं आणला होता हंडा!”

“या हंड्यात कढी काय, चिंचेचा कोळ रातभर ठेवा!” बायनाबाई जागेवरूनच ओरडली. “कोणाचं पोट दुखन तं माझं नाव बदला! झिंगूचं सोंग खोटं, हगवण खोटी, हंडा तेवढा खरा हाये!”

कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. दिवे लागले, मालकानं शहाणपण करून इंटरवल करून टाकला.

बायनाबाई जिना चढून मशीनच्या खोलीत गेली. श्रीहरी भिंतीला चिकटून उभा. एवढा अठ्ठावीस वर्षांचा बाप्या, पण तिला पाहून हात आपोआप गालावर गेला.

“मारत नाई,” ती म्हणाली. “एक सांग. पिक्चरात हंडा काळा पाह्यजे होता ना?”

“हो.”

“मंग कल्हई काऊन करून आणली बे?”

“पंगत खरीच होती ना, माय. साऱ्यायले खरंच जेवाले घातलं. दसरूबासारखी म्हातारी मंडळी, लहान लेकरं... कढी बी खरीच होती. दोस्त म्हणत होते, राहू दे काळा, छान दिसते. पण माझा हात नाई धजला.” तो खाली पाहत राहिला. “वाटलं, पडद्यावर कोणाले दिसन आतलं.”

बायनाबाई त्याच्याकडं पाहत राहिली. तिची नक्कल करायला, अख्ख्या वऱ्हाडाला पाळीमागं पळवायला याला लाज वाटली नाही. आणि खोट्या लग्नातसुद्धा कल्हई नसलेल्या हंड्यातलं कोणाला वाढायला याचा हात झाला नाही. आता याला मारावं तरी कुठं?

“गधा हायेस,” ती म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावरचं फिल्मचं कात्रण झटकून टाकलं. “जेवला का सकाळपासून?”

खाली जिन्यापाशी गुणवंतराव उभे होते, बायको आणि पोरगी मागं. मास्तरांनी घसा साफ केला.

“बाई, चूल तुमच्याच हाती राहील. माझं ठरलं. फक्त एक करू. त्या दिवशी हंडे चढायच्या आधी मी एकदा आतून नजर टाकीन. माझ्यासाठी नाही हो. लोकांचं समाधान.”

श्रीहरीनं डोळे मिटले. नूर मोहम्मद एक पायरी मागं सरकला.

बायनाबाईनं कमरेचा झारा काढला. तो ती चंद्रपूरलाही घेऊन आली होती. तिनं तो मास्तरांपुढं धरला.

“टाका नजर. पण मंग नुसती नजर काऊन? हाही धरा. तुमच्या आळीत कोणी रांधते तवा हंडे पाह्याले जाता का तुमी? नाई ना? मंग माझे बी नाई. मी पंगतीत बसीन, तुमी वाढा.”

मास्तरांचा हात पुढं येईना, मागंही जाईना. तोंड लाल झालं. शेवटी त्यांची बायकोच पुढं आली.

“यायले चहाचं पातेलं घासता येत नाई, अन् हंडे पाहतील म्हणे,” ती म्हणाली. “बाई, तुमचा झारा तुमच्याजवळच ठेवा.” आणि मग, नवऱ्याकडं न पाहता, “अन् कढी पाह्यजेच हो आमाले. पह्यल्याच पंगतीले.”

मास्तरांनी हात जोडले. “चुकलं माझं, बाई. आम्हा मास्तर लोकांना तपासायची खोड असते.”

“पोरांच्या वह्या तपासा,” बायनाबाई म्हणाली, पण झारा तिनं परत कमरेला खोचला.

तेवढ्यात घंटा झाली. लोक धावत आत निघाले. तो ओकून आलेला जाडा माणूसही तोंड पुसत सगळ्यांच्या पुढं. बायनाबाई घरी जायला निघालीच होती, पण नूर मोहम्मद म्हणाला, “अब आये हैं तो अर्धा काहून सोडता?” तेव्हा ती आत गेली आणि नाकाला पदर लावून बसली.

दुसऱ्या अर्ध्यात कढी शेवटी रांधणारीलाच बाधली. झिंगू लुगडं सावरत, एका हातात लोटा, एका हातात झारा घेऊन पाळीवरून पळत सुटला. मागं गावची सगळी कुत्री. चौथ्या ओळीत मास्तर आता गुडघ्यावर थापा मारत हसत होते. पडद्यावरचं लुगडं सुटून पायात येऊ लागलं, तसा बायनाबाईचा पदर नाकावरून कधी खाली आला ते तिलाही कळलं नाही. ती खुर्चीत पुढं सरकली आणि ओरडली,

“कासोटा आवर ना मेल्या, पडशील! अन् झारा कायले घेऊन पळतेस? फेक तो! लोटा धर, लोटा!”