झोपाळ्यावरच्या मडमेचे माहेरपण

मी एक जुनी तसबीर आहे. जुनी म्हणजे राजवाड्यातली नव्हे हो! मी छापखान्यात कापडावर छापलेली, वरून ब्रशाचे चार फटकारे मारून हाताने काढल्यासारखी केलेली. माझे मूळ चित्र अडीचशे वर्षांपूर्वी परदेशात कोणीतरी काढले म्हणे. आमची गाठ कधी पडली नाही. पण मित्रांनो, नक्कल असले म्हणून काय झाले? बोलणी मलाही खावी लागली.

माझ्यात एक मडम आहे. घेरदार गुलाबी झगा, गालांवर लाली, आणि बसली आहे फुलांनी मढवलेल्या झोपाळ्यावर. खाली निळी फीत बांधलेले कोकरू. मागच्या झुडपात एक तरुण, बासरी बाजूला ठेवून तिच्याकडे टक लावून पाहणारा. या तरुणावरूनच सगळे रामायण घडले.

सन दोन हजारच्या चैत्रात सुदर्शन आणि दीपमाला या नवराबायकोने मला स्वारगेटजवळच्या एका प्रदर्शनातून घेतले. दोघेही संगणक कंपनीत. कात्रजच्या बाजूला नवा फ्लॅट, भिंती कोऱ्या करकरीत. मी जोडीने विकायला होते. जोडीच्या तसबिरीत एक रोमन सेनापती होता. दगडी चेहरा, उगारलेले बोट. हुकूम मोडला म्हणून पोटच्या मुलालाच देहदंड फर्मावतो आहे, असा देखावा. रिक्षात आम्हाला समोरासमोर ठेवले होते. कात्रज येईपर्यंत माझ्या मडमेने ते बोट सोसले.

दीपमालाने मला दिवाणखान्यात लावले. सेनापतीसाठी खिळा मिळेना, म्हणून तो दाराआड भिंतीला टेकून उभा राहिला. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आली, की ती खांद्यावरची पर्सही न काढता माझ्यापुढे दोन मिनिटे उभी राहायची आणि हसायची. दिवसभरात तिला हसायला सवड मिळे ती तेवढीच.

आठवड्याने शेजारचे नागोराव सर चहाला आले. सर निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांनी मला उत्तरपत्रिका तपासावी तसे वरपासून खालपर्यंत तपासले.

"छान," ते म्हणाले. "आता शेजारी पत्त्यांचा अड्डा काढा, म्हणजे शोभेल."

"का हो काका?" दीपमालाने विचारले.

"अहो, ही रोकोको शैली. सरदार लोकांच्या रिकामपणाची चित्रं. नटायचं, झुलायचं आणि झुडपात लपायचं. पुढे शहाण्या माणसांना वीट आला याचा. मग नवअभिजात चित्रकार आले. त्यांनी जुन्या रोमच्या गोष्टी काढल्या. त्याग, कर्तव्य, शिस्त." सरांनी दाराआड पाहिले. "हा बघा. याला म्हणतात नीती! याला लावा भिंतीवर आणि या बाईंना टाका माळ्यावर."

सुदर्शन मान डोलवू लागला. "शुक्रवारी चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे. सोसायटीतल्या सगळ्या बायका येणार. आईलाच विचारू."

दीपमालाचा चेहरा उतरला. माझे तर रंगच उडाले. सुदर्शनची आई, आनंदीबाई, म्हणजे सोमवार, चतुर्थी, एकादशी करणारी बाई. पोथी वाचल्याशिवाय तोंडात पाणी घेत नसे. या नव्या घरात आल्यापासून ती गौरीच्या तयारीत होती, माझ्याकडे तिने धड पाहिलेही नव्हते. त्यातून सामान हलवताना तिच्या गौरीचा लाकडी झोपाळा मोडलेला. ती आधीच खिन्न होती. मी मनोमन माळ्यावर जाऊन बसले.

आनंदीबाई देवघरातून आली. माझ्यापुढे थांबली. डोळे बारीक करून पाहू लागली.

"अगं बाई, ही तर माहेरी आलेली दिसते! कशी निवांत झुलतेय."

सर हसले. "आनंदीबाई, मागे झुडपात कोण आहे ते पाहिलंत का?"

"पाहिलं की. मुराळी."

"कोण?"

"भाऊ हो तिचा. सासरहून घेऊन आला असेल. आता ती खेळतेय, तर मध्ये कशाला यायचं, म्हणून बिचारा आडोशाला थांबलाय."

सरांना चहाचा ठसका लागला. "अहो, तो भाऊ नाही! कलेचा इतिहास असं सांगतो..."

"कोकरू सांभाळतोय मुलगा. इतिहासाला आणखी काय हवंय?" आनंदीबाई हळू आवाजात म्हणाली आणि सेनापतीकडे वळली. "यांचं काय?"

सरांनी ती गोष्ट मोठ्या तन्मयतेने सांगितली. आनंदीबाईने चित्राच्या कोपऱ्याकडे बोट केले.

"आणि ही कोपऱ्यात तोंड झाकून बसलेली?"

"त्या मुलाची आई."

"तिला कोणी विचारलं?"

"तिला कशाला विचारायचं? कर्तव्य आहे ते!"

"असेल. मोठा माणूस आहे, मी लांबून नमस्कार करते. पण आई रडतेय आणि घरातलं कोणी तिच्याकडे बघत नाही, असं चित्र समोर ठेवून मला घास नाही गिळायचा." मग ती सरांकडे वळली. "आणि सर, झुलण्यात कसलं आलंय पाप? आमची गौर महिनाभर झोपाळ्यावर बसते. इकडची काडी तिकडे करत नाही. तिला आपण रिकामटेकडी म्हणतो का? डाळ आणि पन्हं देतो."

सर कप खाली ठेवून चपला शोधू लागले.

शुक्रवारी गौर माझ्या खाली, चौरंगावर बसली. आनंदीबाईने गौरीला हळदीकुंकू वाहिले आणि ओल्या बोटाने माझ्या मडमेच्या कपाळीही टेकवले.

"रोकोकोला कुंकू!" डाळ खायला आलेल्या सरांनी डोळेच मिटून घेतले.

"ही गौर कुठली हो?" सोसायटीतल्या यमुनाबाईंनी पन्हे पिता पिता विचारले.

"लांबची आहे," आनंदीबाई म्हणाली.

बायका गेल्यावर तिने सुदर्शनला हाक मारली. "दीपमाला दोन वर्षांत माहेरी गेलेली नाही. तिच्या भावाला फोन लाव. आठ दिवस घेऊन जा म्हणावं."

"झुडपात थांबू नका म्हणावं, म्हणजे झालं," डाळीची दुसरी वाटी संपवत सर म्हणाले.

दीपमाला इतकी हसली, की शेवटी तिला डोळे पुसावे लागले.

सेनापतीला सुदर्शनने कचेरीत नेऊन लावले. तिथे त्याचे बरे चालले आहे. त्याच्यासमोर बसणारे लोक कामे वेळेवर करतात असे ऐकते.

पुढे माझ्या जागी मोठा टीव्ही आला. आता मी चपलांच्या कपाटावर असते, अकरा महिने धूळ खात. चैत्र लागला की मात्र दीपमाला मला उतरवून चौरंगामागे ठेवते. कुंकवाचा तो डाग कोणी पुसलेला नाही. सर दरवर्षी डाळ खायला येतात आणि निघताना उंबऱ्यात थांबून सांगतात, "तो भाऊ नाही."

मित्रांनो, तसबिरी कोरड्या, मऊ फडक्याने पुसाव्यात. ओले फडके लावले, की आमचा रंग सुटतो. आणि एखादे चित्र चांगले की वाईट असा वाद घरात निघाला, तर त्याला माळ्यावर टाकण्याआधी आजीला जरूर विचारा. तिचा चष्मा तेवढा आधी शोधून द्या.