धाकट्याचं काम

धाकटा जाऊन तीन महिने झाले तरी थोरल्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. लोक म्हणायचे, काळीज दगडाचं आहे. दगडबिगड काही नव्हतं. आत काहीच नव्हतं, एवढंच. ताट पुढे आलं की जेवायचा, कोणी बोललं की मान हलवायचा.

घरामागच्या पत्र्याच्या खोलीत दोघा भावांनी वीस वर्षं सर्फबोर्ड बनवले. लाटेवर उभं राहायची फळी, पण आतून पोकळ. मधे कणा, त्याला दोन्हीकडे पातळ फासळ्या आणि वरखाली बोटभर रुंदीच्या लाकडी पट्ट्या. भरीव फळी उचलताना गडी माणूस कुंथतो. यांची फळी पोरसुद्धा काखेत मारून नेई. अशीच एक अर्धी झालेली असताना धाकट्याचं हृदय बंद पडलं. थोरल्याने घरात सगळ्यांना सांगून टाकलं, "ही एकट्याने जमली तर खोली चालू. नाही जमली तर कुलूप." कोणी वाद घातला नाही. त्याला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

त्याने पट्ट्या चिकटवल्या, शिकंजे आवळले, रंध्याने कडा उतरवल्या, रोगणाचे तीन हात दिले. वजन भरलं साडेपाच किलो. इतकी हलकी फळी दोघांनी मिळूनही कधी केली नव्हती. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. संध्याकाळी ती खिडकीजवळच्या टेबलावर ठेवून तो हात धुऊन घरात गेला.

सकाळी त्याने फळी उन्हात नेऊन ठेवली. दुपारी भावजय, म्हणजे धाकट्याची बायको, त्याला जेवायला बोलवायला आली आणि तेवढ्यात तडकन आवाज झाला. फळीची एक कड हातभर उसवली होती.

"भाऊजी, भोक पाडलं नव्हतं का?"

पोकळ फळीला टोकाजवळ बारीक भोक लागतं. उन्हात आतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला वाट हवी. पाण्यात उतरताना ते पितळी स्क्रूने बंद करायचं. या धंद्यातलं शेंबडं पोरही हे सांगेल.

"पाडलं असेल की," थोरला म्हणाला. "काल त्याच्या टेबलावर ठेवली होती मी."

थोरल्याने आपलंच वाक्य ऐकलं. वीस वर्षं तो फळी त्या टेबलावर ठेवत आला होता आणि सकाळी तो उठायच्या आत धाकटा भोक पाडून मोकळा व्हायचा.

तिने ड्रिल आणून त्याच्या हातात दिलं. "कड परत चिकटवता येईल. आधी भोक पाडा."

तो फळीवर वाकला. टोकापासून किती अंतरावर, कण्याच्या डावीकडे की उजवीकडे? ड्रिल हातात धरून तो तसाच उभा राहिला.

"मला माहीत नाही गं," तो म्हणाला. "कधी विचारलंच नाही. वाटायचं, तो आहे ना."

मग तो भुशात खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. तीही शेजारी बसली.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "कुलूप लावायचं?"

"थांब," थोरला नाक पुसत म्हणाला. "आपली जुनी फळी कोणाकडे असेल तर मागून आण. त्याने कुठे पाडलंय, ते बघू दे मला."