नुसती अडकवलेली साखळी

मी साखळी बोलतेय. गळ्यातली नाही, झोक्याची नाही. मोटरसायकलच्या मागच्या चाकात घालतात, ती. माझ्या एका टोकाला मुठीएवढं कुलूप आहे आणि कुलपाच्या पोटात भोंगा. कोणी मला धक्का लावला की तो किंचाळतो, असं माझ्या पाकिटावर लिहिलं होतं. मी साखळी आहे हे नक्की. चांगली साखळी आहे का, याची मात्र माझी मलाच खात्री नाही. तुम्ही ऐका आणि ठरवा.

माझा जन्म कुठला, ते मला सांगता यायचं नाही. पहिली आठवण आहे ती प्लास्टिकच्या पिशवीची आणि भिलाईच्या सिविक सेंटरमधल्या एका दुकानाची. एका बाजूला हेल्मेटं, दुसऱ्या बाजूला सीटची कव्हरं, मध्ये खिळ्याला मी. लोक यायचे, हेल्मेट डोक्यात घालून आरशात बघायचे. मला कोणी आरशात बघत नव्हतं.

मग एक दिवस सत्यशीला आली. कडेवर सव्वा वर्षाची साक्षी. तिनं मला हातात घेतलं आणि अर्धा तास प्रश्न विचारले. कापली जाते का? पावसात गंजते का? किल्ली हरवली तर?

दुकानदार म्हणाला, "मैडम, बिल्ली भी छू ले तो चिल्लाएगा।"

"और बिल्ली चली गई, फिर बंद कैसे होगा?"

हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नसावा. त्यानं दुसरी साखळी पुढे केली. बाहेर गाडीवर बसलेला तिचा नवरा अमरदीप ओरडला, "अवं, साखळी घेऊन राहिली का सोयरीक जुळवून राहिली?"

तिनं मला घेतलं. दुकानापासून घरापर्यंत ती मनाशी पुटपुटत होती, दुसरी घ्यायला पाहिजे होती का, दुसरी घ्यायला पाहिजे होती का. माझी आणि तिची ओळख अशी झाली.

घर भिलाईतच, रुआबांध्यातल्या एका अरुंद गल्लीत. दाराला दोन उंच पायऱ्या, त्यामुळे गाडी आत चढत नाही. फाटकाशीच उभी राहते, तोंड रस्त्याकडे करून. तोंड रस्त्याकडेच का, हे मला आधी कळलं नव्हतं. मग एकदा सत्यशीला शेजारच्या भागीरथाकाकूंना सांगत होती. साक्षीला सर्दी झाली की तिची छाती घरघरते, दम लागतो. गेल्या पावसाळ्यात असंच झालं, अमरदीप गाडी घेऊन ड्युटीवर, आणि हिला पाऊण तास ऑटो मिळाला नाही. "काकू, तो पाऊण तास मी कसा काढला, माह्यं मले माहीत." तेव्हापासून अमरदीप ड्युटीवर शेजाऱ्याच्या मागे बसून जायचा आणि गाडी घरी ठेवायचा, वेळ आली तर गल्लीत असेल तो दोघींना घेऊन पळेल म्हणून. अशात मागच्या गल्लीतल्या दोन गाड्या एका महिन्यात चोरीला गेल्या. म्हणून मी.

या गल्लीची एक रीत मला फार नवलाची वाटली. इथं अर्ध्याहून जास्त घरांतली माणसं पोलादाच्या प्लांटमध्ये कामाला. कोणाची ना कोणाची नाईट शिफ्ट असतेच. म्हणजे सकाळी सात ते दुपारी दोनपर्यंत कुठल्या ना कुठल्या खिडकीआड कोणीतरी झोपलेलं. म्हणून इथे दिवसा हॉर्न वाजवत नाहीत. भाजीवाला ओरडत नाही, नुसता हातगाडीच्या काठावर टकटक करतो. आणि दिवसा गाडी बाहेर काढायची तर इंजिन चालू करत नाहीत. कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत ढकलत नेतात. ढकलणाऱ्याला धाप लागली तर जवळ असेल तो हात लावतो. नवीन भाडेकरूला आधी पाण्याची वेळ सांगतात, मग ही रीत.

मी मनात म्हणायची, रात्री ही माणसं फाटकं तीन-तीनदा तपासतात, कुत्रं भुंकलं तर उठून बघतात. दिवसा मात्र सगळी गल्ली स्वतःच्याच तोंडावर बोट ठेवून बसते. चोरांना हे माहीत असेल का? पण विचारणार कोणाला?

माझ्या भोंग्यानं या गल्लीत आठ दिवस काढले. पहिल्या दिवशी त्याला बकरी पुरली. दुसऱ्या दिवशी पेपरची सुरळी. चौथ्या दिवशी काय झालं ते मलाही कळलं नाही, बहुतेक वारा. सकाळी सकाळीच तो किंचाळायला लागला, साक्षी दचकून उठली, रडून लालबुंद झाली, आणि भागीरथाकाकू कमरेवर हात ठेवून फाटकाशी.

"अवं सत्यशीला, तुयी गाडी बोंबलून राहिली! आमचा पोरगा आत्ताच नाईट करून लवंडला."

"काकू, मले बंदच करता येऊन नाही राहिलं!"

"गाडी चोरून नेली असती त परवडलं असतं वं!"

आठव्या दिवशी सत्यशीलानं केसांच्या पिनेनं माझ्या कुलपाचं झाकण उघडलं आणि आतले तीन चपटे सेल काढले. असे सेल लहान मुलं गिळतात, हे तिनं कुठंतरी वाचलं होतं. म्हणून ते कागदात, कागद डबीत, डबी कपाटावर. नंतर दोनदा स्टुलावर चढून तिनं डबी आहे ना ते पाहिलं. माझ्या कड्या खळखळतात म्हणून जुन्या लेगिंगचा एक पाय कापून मला त्यात घातलं. गुलाबी, गुडघ्याशी विरलेला.

मी मुकी झाले. वाईट वाटलं का? थोडं. पण खरं सांगू, सुटल्यासारखंही झालं. वाऱ्यालाही चोर म्हणायचा मला कंटाळा आला होता.

आणखी एक गंमत पाहिली. मी येण्याआधी अमरदीप हँडल लॉक न चुकता लावायचा म्हणे. मी आल्यावर त्यानं ते सोडलं. "साखळी आहे न." सत्यशीला मला लावायची, आत जायची, परत यायची, हातानं ओढून बघायची. "लावली होती न मी?" असं मलाच विचारायची. तिच्या संगतीनं मलाही सवय लागली. रात्री-बेरात्री मीही स्वतःला विचारायची, मी लागलेय ना?

मग तो मंगळवार आला.

अमरदीप नाईट करून आला होता. साक्षीला आदल्या दिवसापासून सर्दी, म्हणून त्यानं घरी आल्यावर आधी गाडी काढून औषध आणलं, गाडी फाटकाशी लावली आणि आत जाऊन आडवा झाला. साडेनऊ वाजले होते. सत्यशीला मला घेऊन बाहेर आली. खांद्यावर साक्षी, डोळे नुकतेच मिटत आलेले. सत्यशीलानं मला चाकातून ओवलं, फाटकाच्या गजातून काढलं. आता फक्त कुलूप दाबायचं राहिलं. पण माझं कुलूप दोन्ही हातांनी दाबावं लागतं, आणि लागताना मोठा खट्ट आवाज होतो.

ती थांबली. साक्षीकडे पाहिलं. मग माझी दोन टोकं एकमेकांत नुसती अडकवली, वरून गुलाबी कापड ओढलं. लांबून पाहिलं तर लावल्यासारखीच.

"पाच मिनिटांत येते," ती माझ्या कानात म्हणाली. मला कान नाहीत, पण ती तशीच बोलते.

पाच मिनिटं झाली. मग बरीच पाच मिनिटं झाली. साक्षीला निजवून, तिचे श्वास मोजता मोजता तिचाही डोळा लागला होता. रात्रभर जागलेली ती.

अकराच्या सुमारास एक माणूस आला. डोक्यावर पिवळं हेल्मेट, तोंडाला गमछा, गळ्यात प्लांटच्या पासाची दोरी. उन्हात इथं सगळे असेच दिसतात. तो वाकला, कापड जरा सरकवलं, माझं टोक बोटानं ओढलं. मी सुटले. इतक्या सहज सुटले की मीच चकित झाले. त्यानं मला खाली टाकलं नाही. फाटकाच्या कट्ट्यावर अलगद ठेवलं, जसं एखादी बाई झोपलेलं बाळ खाली ठेवते. मग गाडी स्टँडवरून काढली आणि ढकलत निघाला.

मी ओरडायला हवं होतं. त्यासाठीच तर मला आणलं होतं! माझ्या पोटात तीन रिकाम्या खोबण्या होत्या.

चार घरं सोडून जानरावकाका ओट्यावर पेपर वाचत होते. रिटायर माणूस, गल्लीच्या रीतीचे राखणदार. त्यांनी पाहिलं, माणूस इंजिन बंद ठेवून गाडी ढकलतो आहे. त्यांना बरं वाटलं. पुढे गतिरोधक. त्यावर चाक अडलं तसे काका चपला घालून उतरले आणि मागून कॅरियरला हात लावला.

"अमरदीपची गाडी न हे? त्याच्यासंगं काम करते का तू?"

"हव, काका."

"चांगलं हाय. आजकालचे पोट्टे घरूनच फर्रकन चालू करतेत."

गतिरोधक ओलांडल्यावर त्या माणसानं खिशातून कसलीशी किल्ली काढून चालू करायला हात पुढे केला. काकांनी कॅरियर धरून ठेवलं.

"अरे थांब, थांब! इथं नाही. त्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत ढकल. मी लावतो न हात. लोकं झोपले आहेत."

तो माणूस काय करणार? ढकलू लागला. मागून काका.

इकडं दार उघडलं. सत्यशीला डोळे चोळत बाहेर आली, कुलूप दाबायला. गाडी नव्हती. तिनं मला उचललं आणि मला पाहत राहिली. मग आत धावली. हे तर नाही घेऊन गेले? अमरदीप झोपलेला. परत बाहेर. गल्लीत डावीकडे पाहिलं तर जानरावकाका तिची गाडी ढकलत होते आणि पुढे कोणी अनोळखी.

तिनं हाक मारली. पण कशी, सांगू? कुजबुजून.

"जानरावकाका... गाडी... काका..."

सवय अशी असते. सव्वा वर्ष जिनं सगळ्यांना हळू, हळू म्हटलं, तिच्या गळ्यातून मोठा आवाज निघेना.  माझ्या मनात आलं, माझा भोंगा घे, पण तो होता कुठं? कपाटावर, डबीत, कागदात. तिनं मागं वळून खिडकीकडे पाहिलं, आत साक्षी झोपलेली होती. मग समोर गाडीकडे पाहिलं, ट्रान्सफॉर्मर वीस पावलांवर राहिला होता.

आणि ती ओरडली.

"चोर! चोर हाय तो! काका, सोडू नका! पकडो!"

असला आवाज मी कुठं ऐकला नाही. माझ्या भोंग्याला जन्मात जमला नसता. खिडक्या धडाधड उघडल्या. बनियान, लुंग्या, एका पायात चप्पल. नाईटवाले सगळे बाहेर. तो माणूस गाडी सोडून पळाला. गाडी पडली नाही, कारण काकांनी कॅरियर सोडलं नव्हतं.

"मी त त्याले शाबासकी देऊन राहिलो होतो!" काका म्हणाले. चेहरा पांढराफटक.

पण सत्यशीला ते ऐकत नव्हती. आतून साक्षीचं रडणं येत होतं, आणि रडण्याच्या मधे ती घरघर. अमरदीप तिला घेऊन बाहेर आला. मुलीच्या बरगड्यांखाली कातडी आत ओढली जात होती. भागीरथाकाकूंचा मुलगा काकांच्या हातातली गाडी ढकलत धावत आला. अमरदीपनं तिथंच, घरासमोर, अकरा वाजता, इंजिन चालू केलं. केवढा आवाज!  काकूंनी साक्षीच्या कानांना स्कार्फ बांधला, सत्यशीला मागे बसली. अनवाणी. आणि मला खांद्यावर तशीच टाकून.

दुकानातून आले ती पिशवीत कोंडून; धावत्या गाडीवर उघड्यावर मी पहिल्यांदाच बसले. आजवर गाडी उभी राहिली की माझं काम सुरू आणि निघाली की संपलं. झाडं मागं पळत होती. एवढ्या भीतीतही मी सगळं बघत होते, याची मला अजून लाज वाटते.

दवाखान्यात नर्स आधी माझ्याकडेच बघत राहिली. "ये क्या ले आए, दीदी?" मग साक्षीच्या तोंडावर मास्क लावला, त्यातून वाफ निघू लागली. सत्यशीलानं मला मांडीवर घेतलं आणि एकेक कडी बोटांनी मोजत राहिली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा.

डॉक्टर आले तेव्हा तिनं एकच विचारलं, "मैं ज़ोर से चिल्लाई, इसलिए हुआ क्या?"

"नहीं। सर्दी छाती में कल से बैठी है। आप समय पर ले आईं, बस।"

ती अमरदीपकडे पाहून हसली आणि मग रडली. तोही बनियानवरच होता.

आता साक्षी बरी आहे. मी पुन्हा चाकात आहे, फाटकाच्या गजातून, आणि लागलेली आहे. कुलूप दाबताना जो खट्ट होतो तो आता होऊ देतात. अमरदीप हँडल लॉकही लावतो. गल्लीनं रविवारी ओट्यावर बसून ठरवलं, दिवसा गाड्या ढकलत न्यायच्याच, नाईटवाल्यांनी झोपायचं कुठं? पण ढकलणाऱ्याला जो पाहील त्यानं विचारायचं. मोठ्यानं.

काल जानरावकाका स्वतःची गाडी ढकलत निघाले. भागीरथाकाकू खिडकीतून, "कोणाची गाडी हो?"

"अवं, माहीच! वीस वर्षांपासून पाहून राहिली न तू!"

"तोंडाचा गमछा काढा, मग सांगा."

काकांनी गमछा काढला. नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, प्लांटमध्ये होते तो विभागही सांगितला. नाईटवाले दोन जण झोपेतून उठून हसले, पुन्हा झोपले.

तर माझी एवढीच विनंती. मी लोखंड आहे. मला लावलं तरच मी लागते, नुसतं अडकवलं तर नाही. बाकी काम तुमचं. तुमच्या गल्लीत कोणी गाडी ढकलत जाताना दिसला, तर आधी विचारा. हात मग लावा.