दारातले बूट

नांदेडच्या नव्या फ्लॅटात माझ्या धाकट्या पोरानं, सिद्धलिंगनं, देवघर मांडलं ते चपलांच्या कपाटाला खेटून. घरभरणीचं जेवण न जेवता मी उदगीरला परत आले. तवापासून बोलणं बंद. आधी त्यानं तोंड उघडावं. आई मी हाय का तो? पण त्याचा आवाज ऐकल्याबिगर घास उतरंना, हे कुणाला सांगते?

मोठ्याची लेक सुकन्या बेरकी. म्हणाली, "आज्जी, काका रोज संध्याकाळी मोबाइलवरच्या या गेममधल्या भुताच्या चर्चमध्ये असतो. बघून ये की. तुझं नाव दिसणार न्हाई."

"ऱ्हातो नांदेडला, मग चर्चमध्ये कसा असतो गं?"

तिनं कपाळावर हात मारला, माझ्या कानाला हेडफोन लावले अन् मोबाइल हातात दिला.

आत मी म्हणे चिलखत घातलेली बाई होते. चर्च एवढं थोरलं, की आमचा किल्ला त्याच्या अंगणात मावावा. माणूस एक न्हाई, पण मेणबत्त्या पेटलेल्या. लावल्या कुणी? सुकन्या म्हणते, "तशाच असतात."

देव कुणाचाही असो. मी म्हणाले, "माझे बूट काढ आधी."

"आज्जी, तळघरात फरशी जळती! बुटाबिगर मरशील!"

"देवाच्या घरात पायताण घालून जाऊ? काढ."

बूट दारात राहिले. जिना खाली चालला का वर, कळेना. कोठड्या, साखळ्या, बिनमुंडक्याचा पाद्री. भिंत समजून टेकले, तर ती भिंतच नव्हती. वरची लाल रेघ घटत चाललेली. तो म्हणे माझा जीव.

तेवढ्यात जिन्यावरून काळ्या लोखंडातला एक गडी उतरला. भूत का माणूस? कानात आवाज आला, "दारात बूट कुणी काढून ठेवले रे?"

सिद्धलिंगच! हे बोलणं धरायचं का न्हाई, मलाच उमगेना. मी कोण, ते त्याला कुठं ठाऊक?

मग हळूच, "अव्वा? तूच हायस ना? दुसरं कोण काढंल?"

अन् त्या गड्यानं माझ्यासमोर त्याचेही बूट काढले. पाय जळाले, दोघंही तिथंच मेलो. अन् मेल्यावर पुन्हा दारात उभे. असं कसं, ते मला विचारू नका.

"देव कुठं हाय तुझ्या घरात?" मी विचारलं.

"आतल्या खोलीत. तू गेलीस त्याच दिवशी हलवला. फोन उचलशील तर कळंल!"

"शनिवारी येऊन बघते. खोटं निघालं तर तिथून परत."

"ये की. पण अव्वा, माझे बूट खालीच राहिले. आणायला अनवाणी कसा जाऊ?"

"माझे घाल. मी बसते दारात."

घातले त्यानं. बाईचे बूट गड्याच्या पायात कसे बसले, कोण जाणे.